विश्लेषण : मेसमध्ये अन्न उरते, तरी विद्यार्थी उपाशी का?

वसतिगृहाच्या मेसमध्ये रोज रात्री भात, भाजी, पोळ्या उरतात आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीत किंवा बायोगॅसच्या टाकीत जातात. त्याच महाविद्यालयात एकवेळचा डबा लावून दुसऱ्या वेळी चहा-बिस्किटांवर भागवणारे विद्यार्थीही असतात. उरलेले अन्न या विद्यार्थ्यांना दिले की दोन्ही प्रश्न एकदम मिटतील, हा विचार कोणालाही सुचण्यासारखा आहे. अमेरिकेतील महाविद्यालयांनी गेल्या दीड दशकात तो निरनिराळ्या मार्गांनी करून पाहिला. नासाडी आणि भूक हे एकाच आवारातले प्रश्न असले तरी त्यांची कारणे वेगळी आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला फारसे लागू पडत नाही, असे या प्रयोगांतून दिसते.

अमेरिकेत विद्यार्थ्यांची भूक मोजली कशी?

जगातील सर्वात श्रीमंत देशात पदवीचे विद्यार्थी उपाशी राहतात, हे तिथल्या सरकारलाही बराच काळ पटत नव्हते. सरकारी योजनांची तपासणी करणाऱ्या ‘गव्हर्न्मेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस’ने डिसेंबर २०१८ मध्ये या विषयावरील ३१ अभ्यास एकत्र तपासले. त्यापैकी २२ अभ्यासांत ३० टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांना पुरेशा अन्नाची खात्री नसल्याचे आढळले होते. मात्र हे अभ्यास निवडक महाविद्यालयांपुरते होते. पुढे शिक्षण खात्याच्या राष्ट्रीय पाहणीतच जेवणाविषयीचे प्रश्न घातले गेले. त्या २०२० च्या आकडेवारीवर आधारित अहवाल २०२४ मध्ये आला. पदवी अभ्यासक्रमांतील सुमारे २३ टक्के, म्हणजे ३८ लाख विद्यार्थी अन्न-असुरक्षित होते. त्यातील निम्म्याहून अधिक जणांनी पैशांअभावी जेवण टाळले होते किंवा कमी केले होते.

‘अन्न-असुरक्षित’ हा शब्द रुक्ष आहे, पण त्यामागचे प्रश्न साधे असतात. गेल्या ३० दिवसांत पैसे नाहीत म्हणून जेवण टाळले का? भूक असूनही कमी खाल्ले का? आणलेले अन्न संपल्यावर पुन्हा आणायला पैसे होते का? असा विद्यार्थी चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. तो वर्गात बसतो, त्याच्याकडे मोबाइल असतो, अंगावर धड कपडे असतात. फी भरल्यावर आणि खोलीचे भाडे दिल्यावर जे उरते त्यातून तो जेवतो. फी आणि भाडे यांत घासाघीस होत नाही. पोटाशी मात्र करता येते.

सरकारी मदत त्यांच्यापर्यंत का पोहोचत नाही?

गरीब कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी ‘पेल ग्रँट’ ही तिथली मुख्य शिष्यवृत्ती. १९७० च्या दशकाच्या मध्यात तिची कमाल रक्कम सरकारी विद्यापीठातील चार वर्षांच्या पदवीचा तीन चतुर्थांशाहून अधिक खर्च भागवत असे. आता ती एक तृतीयांशही भागवत नाही. अन्नखरेदीसाठी ‘स्नॅप’ ही सरकारी योजना आहे, पण अर्धवेळ किंवा त्याहून अधिक शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ती सहसा मिळत नाही. मिळवायची तर आठवड्याला किमान २० तास काम करावे लागते किंवा लहान मुलांचे पालकत्व, अपंगत्व अशा ठरावीक सवलतींत बसावे लागते. या नियमामागे एक जुनी समजूत आहे : महाविद्यालयात जाणारा मुलगा खात्यापित्या घरचा असतो आणि त्याला घरून पैसे येतात. आजच्या अमेरिकी महाविद्यालयांत नोकरी करून शिकणारे, मुलेबाळे असलेले आणि घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. जे पात्र ठरतात त्यांच्यातीलही निम्म्याहून अधिक जणांना लाभ मिळत नाही, कारण आपण पात्र आहोत हेच अनेकांना ठाऊक नसते.

भारतीय विद्यार्थ्यांची स्थिती आणखी वेगळी. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते आणि त्यात महाराष्ट्रातून शैक्षणिक कर्ज काढून गेलेलेही होते. विद्यार्थी व्हिसावर ‘स्नॅप’ मिळत नाही आणि सत्र सुरू असताना आवारातील काम आठवड्याला २० तासांपर्यंतच करता येते. कर्जाचा हप्ता, भाडे आणि रुपयाची घसरण यांच्या कात्रीत सापडलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठातील ‘फूड पँट्री’, म्हणजे धान्य-किराणा मोफत देणारी खोली, हा मोठा आधार असतो. अशी पहिली विद्यार्थी-संचालित खोली १९९३ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात सुरू झाली. आज शेकडो महाविद्यालयांत त्या आहेत. मुलाने घरी फोनवर ‘जेवलो’ म्हटले की आईवडिलांचे समाधान होते. ते कशावर जेवला, हे बहुधा विचारले जात नाही.

मेसमध्ये अन्न नेमके कुठे वाया जाते?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील ६० टक्के घरांत आणि २८ टक्के उपाहारगृहे, खानावळी, कँटीन अशा खानपान सेवांत. वसतिगृहाची मेस या दुसऱ्या गटात येते.

मेसमध्ये अन्न दोन ठिकाणी वाया जाते आणि त्या दोन्हींत फरक करणे महत्त्वाचे आहे. पहिले ताटात. ताटात टाकलेले अन्न उष्टे. ते कोणालाही देता येत नाही. दुसरे पातेल्यात. शिजवलेले, पण वाढलेच न गेलेले अन्न देण्यासारखे असते. वृत्तपत्रांत छापली जाणारी आणि फलकांवर झळकणारी किलोंची आकडेवारी अनेकदा दोन्हींची बेरीज असते आणि ती पाहून ‘एवढ्यात किती जण जेवले असते’ असा हिशेब मांडला जातो. तो हिशेब बराचसा फसवा आहे.

ताटातली नासाडी कमी करण्याचा उपाय अमेरिकी महाविद्यालयांना फारच स्वस्तात सापडला. त्यांनी ट्रे काढून टाकले. ‘हवे तेवढे घ्या’ पद्धतीच्या भोजनगृहात हातात मोठा ट्रे असला की डोळ्यांची भूक पोटाच्या भुकेवर मात करते आणि चार बशा भरल्या जातात. नुसती एक बशी हातात असली की दुसऱ्यांदा उठावे लागते आणि तो कंटाळाच उपयोगी पडतो. ‘ॲरामार्क’ या खानपान कंपनीने २००८ मध्ये २५ शिक्षण संस्थांत केलेल्या पाहणीत ट्रे काढल्यानंतर माणशी वाया जाणारे अन्न २५ ते ३० टक्क्यांनी घटले. ट्रे धुण्याचे पाणी वाचले ते वेगळेच.

पातेल्यातील नासाडीचे मूळ अंदाजात असते. आज किती जण जेवायला येतील, हे आचाऱ्याला नक्की ठाऊक नसते. कमी पडले तर आरडाओरड होते, उरले तर कोणी विचारत नाही. म्हणून तो हात सैल सोडतो. आपल्याकडच्या मेसचालकाला हे गणित पाठ असते. दिवाळीआधीचा आठवडा, परीक्षा संपल्याचा दिवस, शनिवारी गावी जाणारी मुले, क्रिकेटचा सामना या प्रत्येकाने पोळ्यांचा आकडा बदलतो.

उरलेले अन्न थेट विद्यार्थ्यांनाच का देत नाहीत?

२०११ मध्ये मेरिलँड विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी भोजनगृहात रात्री टाकून दिले जाणारे अन्न गोळा करून गरजूंसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे पोहोचवायला सुरुवात केली. त्यातून ‘फूड रिकव्हरी नेटवर्क’ उभे राहिले आणि देशभरातील महाविद्यालयांत पसरले. पण यात एक विसंगती होती. अन्न आवाराबाहेरच्या निवाऱ्यांत जात होते आणि जाताना आवारातल्याच उपाशी विद्यार्थ्याला ओलांडून जात होते.

याचे एक कारण कायद्यात होते. सद्भावनेने दिलेल्या अन्नामुळे कोणाला बाधा झाली तर दात्यावर दावा होऊ नये, यासाठी अमेरिकेत १९९६ चा ‘बिल इमर्सन गुड समॅरिटन’ कायदा आहे. त्याचे संरक्षण अन्न एखाद्या सेवाभावी संस्थेमार्फत दिले तरच मिळत असे. विद्यापीठाने उरलेले जेवण शहरातील निवाऱ्याला दिले तर संरक्षण, पण स्वतःच्या विद्यार्थ्याच्या हातात डबा दिला तर नाही. जानेवारी २०२३ मध्ये कायद्यात सुधारणा झाली आणि गरजूंना थेट अन्न देणाऱ्या दात्यांच्या यादीत उच्च शिक्षण संस्थांचाही समावेश झाला. भारतातही अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने उरलेले अन्न गोळा करणे व वाटणे याविषयी २०१९ मध्ये नियम केले. त्यांत अन्न देणारा आणि वाटणारा या दोघांच्याही जबाबदाऱ्या ठरवल्या आहेत.

दुसरे कारण स्वयंपाकघरातले आहे. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले की जिवाणू झपाट्याने वाढतात. भात तर यात फार फसवा. त्यातील बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात आणि भात तासन् तास बाहेर राहिला तर विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. त्यामुळे अन्न उरल्याक्षणी थंड करणारी व्यवस्था, झाकणाचे डबे, तारीख-वेळेची चिठ्ठी आणि ते नेणारा माणूस यांशिवाय वाटप करणे धोक्याचे असते. हा खर्च कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.

तिसरे कारण सर्वात साधे आणि सर्वात चिवट. अन्न केव्हा, किती उरेल याचा भरवसा नाही. भूक मात्र दिवसातून दोनदा, वेळेवर लागते. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो स्टेट विद्यापीठाने यावर एक तोड काढली. आवारातील सभा-समारंभांनंतर अन्न उरले की विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर सूचना जाते आणि येईल त्याने ते न्यायचे. यात रांगेत उभे राहून गरिबी सिद्ध करावी लागत नाही, ही मोठी गोष्ट. तरीही समारंभ नसलेल्या दिवशी मोबाइल गप्पच राहतो. नासाडी कमी करण्याची ही चांगली योजना आहे; उपाशी विद्यार्थ्याची तिच्यावर भिस्त ठेवणे योग्य नाही.

‘स्वाइप’ दान करण्याची कल्पना काय आहे?

उरलेल्या अन्नाऐवजी उरलेला हक्क वाटावा, ही कल्पना २०१० मध्ये लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठातून पुढे आली. तिथे वसतिगृहातील विद्यार्थी सत्राच्या सुरुवातीलाच जेवणाचा ‘प्लॅन’ विकत घेतात. भोजनगृहाच्या दारात कार्ड घासले, म्हणजे ‘स्वाइप’ केले, की एक जेवण वजा होते. अनेकांचे स्वाइप शिल्लक राहतात आणि मुदत संपली की बुडतात. रेचेल सुमेख आणि तिच्या सहकाऱ्यांनी शिल्लक स्वाइप इतरांसाठी वापरायला सुरुवात केली. विद्यापीठाच्या भोजन विभागाने आधी हरकत घेतली, मग सहकार्य केले. त्यातून उभी राहिलेली ‘स्वाइप आउट हंगर’ संस्था आज अमेरिकेतील शेकडो महाविद्यालयांत काम करते. दान केलेली जेवणे गरजू विद्यार्थ्याच्या कार्डावर जमा होतात. तो त्याच दारातून, तसेच कार्ड घासून आत जातो आणि त्याच टेबलावर बसतो. कोणते जेवण दानाचे, हे शेजारच्यालाही कळत नाही. उरलेल्या अन्नाच्या डब्यात आणि यात हाच मोठा फरक आहे.

तरीही अनेक विद्यापीठे एका विद्यार्थ्याने किती स्वाइप द्यावेत, यावर मर्यादा घालतात. बुडणारे जेवणच तर देतोय, मग अडचण काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. उत्तर दरपत्रकात आहे. समजा, प्लॅन आठवड्याला १९ जेवणांचा आहे. प्रत्येक विद्यार्थी १९ वेळा येणार नाही, हे चालकाला माहीत असते आणि सरासरी १३-१४ जेवणे धरूनच तो दर लावतो. म्हणजे बुडालेला स्वाइप हे उरलेले अन्न नसते. ते जेवण शिजवलेलेच नसते. ते दान केले तर नव्याने शिजवावे लागते आणि त्याचा खर्च कोणीतरी सोसावा लागतो. विद्यापीठांनी तो सोसावा यासाठी कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये ‘हंगर फ्री कॅम्पस’ उपक्रमाला राज्याच्या अर्थसंकल्पातून निधी दिला. पुढे न्यू जर्सीसह इतर राज्यांनीही तसे कायदे केले. म्हणजे फिरून गोष्ट पैशांवरच आली. फ्रान्सने हा वळसा घेतलाच नाही. तिथे सरकारी विद्यार्थी भोजनगृहांत शिष्यवृत्तीधारकांना २०२० पासून एका युरोत जेवण मिळते.

महाराष्ट्रात काय चित्र आहे?

स्वाइपचा हिशेब मराठी विद्यार्थ्याला नवा वाटू नये, कारण आपल्या मेसमधला ‘खाडा’ तोच आहे. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे आणि गावी गेले तर तेवढ्या दिवसांचा खाडा पुढच्या महिन्यात वळता करून घ्यायचा. मात्र बहुतेक ठिकाणी सलग काही दिवसांचा आणि आधी कळवलेला खाडाच धरला जातो. एखादे जेवण चुकले तर ते बुडाले. बुडालेल्या जेवणांवरच कमी दरातली मेस तग धरून असते आणि ‘एका ताटात दोघांनी जेवू नये’ ही पाटीही त्यामुळेच लागते. ती पाटी भिंतीवर असते, याचाच अर्थ एक ताट दोघांत घेणारे विद्यार्थी येत असतात.

शाळेतील मुलांना पोषण आहाराचा हक्क आहे, पण तो आठवीपर्यंत. त्यानंतर सरकारच्या लेखी विद्यार्थ्याचे पोट कुटुंबाच्या शिधापत्रिकेत मोजले जाते. अन्नसुरक्षा कायद्यानुसार माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे ते दुसऱ्या शहरातही उचलता येते. पण पुण्यातील सदाशिव किंवा नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या, खोलीत शेगडी लावायला बंदी असलेल्या मुलाने पाच किलो तांदूळ घेऊन करायचे काय? त्याला शिजवलेले जेवण हवे असते आणि ते मेसच्याच दराने घ्यावे लागते. त्यातही पुण्यातील मेसचा रिवाज रविवारी दुपारी ‘फीस्ट’ आणि संध्याकाळी सुट्टी असा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने मेस बंद झाल्या, तेव्हा या पेठांत अडकलेल्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांना स्वयंसेवकांनी जेवण पुरवले. एरवी न दिसणारी भूक त्या काही आठवड्यांत शहराला दिसली.

वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्यात २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुण्यासारख्या मोठ्या शहरांसाठी योजनेत भोजन भत्ता वर्षाला ३२ हजार रुपये ठरवला गेला. ३६५ दिवसांनी भागले तर दिवसाला ८८ रुपयांच्या आत, म्हणजे एका जेवणाला जेमतेम ४४ रुपये. आदिवासी विकास विभागाने २०१८ मध्ये अनेक वसतिगृहांतील मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात देण्याचे ठरवले. त्याविरोधात जुलै २०१८ मध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. रोख पैसे नकोत, मेस हवी, अशी त्यांची मागणी होती. अर्थशास्त्राच्या पुस्तकात रोख रक्कम लाभार्थ्याला अधिक स्वातंत्र्य देते. प्रत्यक्षात पैसे उशिरा येतात, बाहेरचे जेवण महाग पडते आणि घरी अडचण असेल तर जेवणाचे पैसे गावी पाठवले जातात. मेसमधले ताट मनीऑर्डरने पाठवता येत नाही.

या मागणीला इथल्या शिक्षणाच्या इतिहासात आधार आहे. पूर्वी गरीब विद्यार्थी शहरात ‘वार लावून’ शिकत. सोमवारी एका घरी जेवायचे, मंगळवारी दुसऱ्या. त्यात उपकाराची भावना होती आणि जातीची घट्ट चौकटही. बहुजनांच्या मुलांना त्या ओसरीवर जागा नव्हती. पण वार ठरलेला असे. कोणाच्या घरी काय उरले, यावर तो अवलंबून नसे. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे बोर्डिंग काढले. ते चालवताना लक्ष्मीबाईंना अंगावरचे दागिने विकावे लागले. शिक्षणाचा खर्च म्हणजे आधी जेवणाचा खर्च, हे त्यांना पाहणीशिवाय माहीत होते.

आपल्याकडे कोणते उपाय शक्य आहेत?

नासाडीवरचे उपाय सोपे आहेत आणि काही ठिकाणी सुरूही आहेत. ताटातले आणि पातेल्यातले उरलेले वेगवेगळे तोलणे, अर्धी वाटी मागण्याची सोय, आदल्या रात्री मोबाइलवर उद्याची हजेरी नोंदवून घेणे, एवढ्यानेही आचाऱ्याचा अंदाज सुधारतो. उष्ट्याचे काय करायचे, याचे उत्तर महाराष्ट्रात दोन दशकांपूर्वीच मिळाले आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांचे ‘निसर्गऋण’ आणि पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने विकसित केलेले छोटे बायोगॅस संयंत्र, दोन्ही खरकट्यावर चालतात. मात्र गॅस हा शेवटचा पर्याय आहे. बायोगॅस आहे म्हणून जास्त शिजवण्यात काहीच शहाणपण नाही.

भुकेवरचा उपाय वेगळ्या खात्यात शोधावा लागेल. एकदिवसीय खाडाही धरायचा आणि विद्यार्थ्याची इच्छा असेल तर तो गरजू विद्यार्थ्याच्या नावे जमा करायचा, हे महाविद्यालयाच्या स्वतःच्या मेसमध्ये अशक्य नाही. फक्त त्या जेवणाचा शिधा-इंधनाचा खर्च महाविद्यालयाने मेसचालकाला द्यायला हवा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेसारख्या योजनांत काम करणाऱ्या विद्यार्थ्याला मानधनाबरोबर एकवेळच्या जेवणाचे कूपन देता येईल. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत प्रवेश, शिक्षक, निकाल, ग्रंथालये अशा साऱ्यांची मोजदाद होते. जेवणाविषयी दोन प्रश्न त्यात घालणे फार खर्चाचे नाही. शिष्यवृत्ती आणि निर्वाह भत्त्यांचे वेळापत्रक हा आणखी एक मुद्दा. शैक्षणिक वर्ष जून-जुलैत सुरू होते, अर्जांची छाननी त्यानंतर कित्येक महिने चालते आणि भत्ता खात्यात पडेपर्यंत अनेकदा वार्षिक परीक्षा जवळ आलेली असते. मेसचे पैसे मात्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आगाऊ भरावे लागतात.